बुकेतली अर्धी फुलं दुसऱ्या सकाळी माना टाकतात आणि अर्धी टवटवीत राहतात: कारणं आणि उपाय

साखरपुड्याच्या आदल्या संध्याकाळी घरीच बुके बांधला. गुलाब, जरबेरा, कार्नेशन, दोन काड्या ऑर्किड, मधून जिप्सो (बारीक पांढऱ्या फुलांची जिप्सोफिला) आणि कडेला थोडी शेवंती. रात्री बघणाऱ्याने वाहवा केली. सकाळी जरबेरा मधूनच मोडल्यासारखे लोंबत आहेत, कार्नेशनच्या पाकळ्या आत मिटल्या आहेत, ऑर्किडवर काळपट डाग आहेत आणि शेवंती मात्र जशीच्या तशी. मग आमच्या वडोदऱ्यात ठरलेलं वाक्य येतं: खंडेराव मार्केटात शिळा माल गळ्यात मारला.

कधी कधी ते खरंही असतं. पण एकाच सकाळी, एकाच ठेल्यावरून घेतलेली काही फुलं गेली आणि काही राहिली, तर बहुतेक वेळा मालापेक्षा जोडी चुकलेली असते. रंगाची नव्हे. कोणाला किती खोल पाणी लागतं, किती गारवा सोसतो, कोण किती उमललेलं होतं आणि कोणाच्या देठातून काय गळतं, या चार गोष्टींची जोडी. रंग पाचव्या क्रमांकावर येतो. बाजारात उभं राहून आपण नेमके उलटे वागतो: साडीचा रंग डोक्यात धरून फुलं उचलतो आणि देठाकडे घरी आल्यावर बघतो.

आधी निदान

मेलेला बुके लगेच कचऱ्यात टाकू नका. कोणतं फूल कसं गेलं, त्यावरून चूक कुठे झाली ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं.

गुलाबाच्या पाकळ्या ताज्या, पण फुलाच्या खाली दोन-तीन बोटांवर मान वाकलेली: देठात हवा अडकली किंवा देठाचं टोक जिवाणूंनी बुजलं. पाणी वर चढत नाही.

जरबेराचा देठ मध्यावर किंवा वरच्या भागात वाकलेला, खालचं टोक बुळबुळीत: पाणी जास्त खोल होतं किंवा अस्वच्छ होतं. देठ बांधणीच्या जागी चेपलेला दिसला तर दोष दोऱ्याचा.

कार्नेशन कोमेजलेलं नाही, नुसतं झोपल्यासारखं मिटलं आहे: पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू. त्याच बुकेतल्या जिप्सोचे दाणे तपकिरी झाले असतील तर शंका जवळजवळ उरत नाही.

ऑर्किड किंवा अँथुरियमवर काळपट, पाणी मुरल्यासारखे डाग: फ्रीज.

पाकळ्यांवर बारीक तपकिरी ठिपके, नंतर राखाडी बुरशी: पाकळ्या ओल्या राहिल्या आणि वर सेलोफेन घट्ट गुंडाळलं. वडोदऱ्यात ही तक्रार जुलै ते सप्टेंबरमध्ये हमखास येते.

पाण्याला घाण वास, सगळी फुलं थोडी थोडी मलूल: पाण्यात पानं बुडलेली. शेवंती आणि ॲस्टरची पानं यात सगळ्यात वाईट. शेवंतीचं फूल पंधरवडा टिकतं, पण पाण्यात बुडलेलं पान दोन दिवसांत कुजतं आणि शेजाऱ्यांना घेऊन जातं.

पाण्याची खोली: जरबेराचं भांडण

घरगुती बुकेत सर्वांत जास्त वेळा फसणारी जोडी म्हणजे गुलाब आणि जरबेरा. दिसायला जोडी उत्तम, दोन्ही वर्षभर मिळतात, म्हणून सगळेच घेतात. पण गुलाबाचा देठ लाकडासारखा, त्याला सुरुवातीला खोल पाणी लागतं; निम्मा देठ बुडाला तरी चालतो. जरबेराचा देठ मऊ, वरच्या भागात पोकळ आणि अंगभर बारीक लव असलेला. त्या लवेत जिवाणू साठतात. खोल पाण्यात तो खालून कुजू लागतो, टोक बुजतं, आणि वरचं जड फूल तहानलेल्या देठाला पेलवत नाही. जरबेराला ५ ते ८ सेंटिमीटर पाणी पुरे.

मग दोघं एकत्र ठेवायचेच नाहीत का? ठेवा, पण पाणी पाजण्याचं काम वेगवेगळ्या बादल्यांत उरकून मग एकत्र बांधा. गुलाबाचा देठ २ ते ३ सेंटिमीटर तिरका कापा. जमल्यास पाण्याच्या आतच कापा, म्हणजे कापलेल्या तोंडातून हवा आत ओढली जात नाही. मग निम्मा देठ बुडेल एवढ्या पाण्यात ४ ते ६ तास. जरबेराची जुडी सोडायची नाही. फुलांची डोकी कागदाच्या किंवा पुठ्ठ्याच्या आधाराने सरळ धरून उथळ पाण्यात ठेवायची. हा आधार नखरा नाही: पाणी पिताना देठ ज्या आकारात असतो त्याच आकारात ताठतो. वाकडा ठेवलेला जरबेरा वाकडाच ताठ होतो आणि मग तार घातल्याशिवाय सरळ येत नाही.

बांधून झाल्यावर बुके ज्या भांड्यात उभा राहणार, त्यात पाणी जरबेराच्या मापाने ठेवा, गुलाबाच्या नव्हे. गुलाबाने आधी पोटभर पाणी प्यायलेलं असेल तर उथळ पाण्यात तो निभावून नेतो. फक्त दिवसातून दोनदा भर घाला. उलट करायला जाल तर जरबेरा नक्की जाईल.

आणखी एक बारकावा बांधणीचा. जरबेराभोवती रबर किंवा नायलॉनचा दोरा आवळला की मऊ देठ चेपतो आणि वरचं पाणी तिथेच तुटतं. सर्व देठ एकाच दिशेने तिरके ठेवत, हातात बुके थोडा थोडा फिरवत बांधला की देठांचा गोफ होतो आणि कमी दाबात पकड बसते. बांधायला सुतळी किंवा रुंद फीत घ्या. लाकडी देठ आत आणि जरबेरा त्यांच्या मधल्या फटींत, म्हणजे दाब गुलाबावर येतो.

इतका व्याप नको असेल तर जरबेराऐवजी एकेरी मोठी शेवंती किंवा ॲस्टर घ्या. गोल चेहरा तोच, आणि गुलाबाबरोबर एकाच बादलीत नांदतात.

फ्रीजचा मोह

एप्रिल-मे महिन्यात बाहेर ४० अंशांच्या वर पारा गेला की बुके फ्रीजमध्ये ठेवायचा विचार प्रत्येकाच्या मनात येतो. गुलाब, कार्नेशन, शेवंती, ग्लॅडिओलस, जरबेरा आणि एशियाटिक लिली यांना २ ते ४ अंश गारवा मानवतो. फुलांचे व्यापारीही त्यांना त्याच सुमारास ठेवतात. पण डेंड्रोबियम ऑर्किड, अँथुरियम, हेलिकोनिया आणि बर्ड ऑफ पॅराडाइज ही उष्ण मुलखातली फुलं. १० अंशांच्या खाली त्यांच्या पेशींना इजा होते. बाहेर काढल्यावर काही तासांनी डाग दिसतात, त्यामुळे फ्रीजवर संशयही येत नाही.

म्हणजे गुलाब आणि ऑर्किडचा मिश्र बुके बांधून झाल्यावर कुठेच नीट ठेवता येत नाही. फ्रीजमध्ये ऑर्किड जातं, बाहेर गुलाब उघडून पडतो. उपाय दोन. एक म्हणजे गुलाब रात्री गार ठेवा, ऑर्किड खोलीत पाण्यात ठेवा, आणि सकाळी बांधा. दुसरा म्हणजे गट पाळा: उन्हाळ्यात अँथुरियम, ऑर्किड आणि पानं एवढाच बुके करा, गुलाबाला हात लावू नका. आमचं मत विचाराल तर मे महिन्यात दुसराच उपाय धरावा. अँथुरियम दोन आठवडे सहज टिकतं आणि दुपारच्या हॉलमध्येही तोंड पाडत नाही.

घरच्या फ्रीजची अजून एक अडचण आहे. त्यात फळं असतात.

आंबे, केळी आणि मिटलेली कार्नेशन्स

पिकणारी फळं इथिलीन सोडतात. केळी, आंबा, पपई, सफरचंद, चिकू, सगळीच. या वायूला रंग नाही, आणि फुलं बिघडवायला पुरेल इतक्या मात्रेत त्याचा वासही येत नाही. संवेदनशील फुलांना तो म्हातारपणाचा आदेश देतो. कार्नेशन मिटतं, जिप्सो तपकिरी पडतं, ऑर्किडच्या पाकळ्या पातळ कागदासारख्या होऊन शिरा दिसू लागतात, अँटिरायनमची (स्नॅपड्रॅगनची) फुलं टपाटप गळतात. शेवंती, जरबेरा आणि अँथुरियम यांना त्याचं फारसं सोयरसुतक नाही. गुलाब मध्ये कुठेतरी, जातीवर अवलंबून.

आता आपल्याकडचा रिवाज पाहा. साखरपुड्याच्या ताटात फळांची परडी आणि फुलं शेजारी शेजारी. मे महिन्यात गाडीच्या मागच्या सीटवर केसर आंब्याची पेटी आणि तिच्या शेजारी बुके, काचा बंद. गणपतीत मखरात केळ्यांचा घड आणि त्याला टेकून कार्नेशनची आरास. बंद जागा, ऊब आणि फळं या तिन्ही गोष्टी जमल्या की कार्नेशन एका रात्रीत मिटतं आणि पुन्हा उघडत नाही. यावर नंतरचा इलाज नाही. पाणी बदलून, देठ कापून काही होत नाही.

करायचं ते आधीच. फळांच्या पंगतीत बसणाऱ्या रचनेसाठी शेवंती, गलगोटे (झेंडू), जरबेरा, अँथुरियम यांतून निवडा. कार्नेशन हवंच असेल तर फळांपासून लांब, हवा खेळेल अशा जागी ठेवा. बुकेतलं सुकलेलं फूल लगेच काढून टाका, कारण कोमेजणारं कार्नेशन स्वतःच इथिलीन सोडतं आणि शेजाऱ्याला ओढतं. अगरबत्ती आणि गाडीच्या धुरातही हा वायू असतो, तेव्हा समईशेजारी उदबत्तीच्या धुरात ऑर्किड ठेवू नये. ऑर्किड हाताळताना मधल्या भागाला बोट लावू नका. तिथली परागाची टोपी निघाली की फुलाला परागण झाल्यासारखं वाटतं आणि ते भराभर कोमेजतं. घरातल्या मुलांना हे पक्कं सांगावं लागतं.

वयाची गल्लत

समजा गारवा, पाणी, फळं सगळं सांभाळलं. तरी बुके असमान दिसतो, कारण घेतानाच काही फुलं पूर्ण उघडलेली आणि काही घट्ट मिटलेली होती. प्रत्येक फुलाची घ्यायची वेळ निराळी.

गुलाबाची कळी बोटांनी हलकेच दाबून पाहा. थोडी दबली आणि बाहेरच्या एक-दोन पाकळ्या सैलावलेल्या असल्या तर बरोबर. दगडासारखी कडक कळी या उन्हात बहुधा उघडतच नाही, मान टाकते. पूर्ण उमललेला देशी गुलाब हारासाठी ठीक. बुकेला पुणे-नाशिककडचा लांब देठाचा डच गुलाब घ्यावा.

जरबेरा याच्या उलट: पूर्ण उघडलेलाच घ्या. मधल्या चकतीच्या कडेच्या एक-दोन ओळींत पराग दिसत असेल तर फूल पक्व आहे. कच्चा जरबेरा पाणी ओढत नाही आणि सगळ्यात आधी लवतो.

शेवंतीची मधली चकती अजून हिरवट, घट्ट असावी. लिलीच्या काडीवर खालच्या एका कळीला पुरता रंग आलेला असावा; समारंभ दोन-तीन दिवसांवर असेल तर ही कळी तेव्हा बरोबर उघडते. त्याच दिवशी हवी असेल तर एक फूल उघडलेलं घ्या. ग्लॅडिओलसच्या खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की पुरे. निशिगंधाच्या खालच्या दोन-तीन कळ्या उमललेल्या हव्यात. वरच्या टोकाच्या अगदी बारीक कळ्या खुडून टाकल्या तर मधल्या बऱ्या उमलतात.

ठेल्यावर 'ताजा छे' याला अर्थ नाही. जुडी उलटी करून देठाची टोकं पाहा: तपकिरी, बुळबुळीत, चिरलेली टोकं म्हणजे कालचा किंवा परवाचा माल. पानांनी पारख जास्त नीट होते, कारण फुलावर पाणी मारून चमक आणता येते, पानांवर फार वेळ टिकत नाही. गुलाबाची बाहेरची पानं जुडीत पिवळी पडत असतील तर सोडून द्या. गुलाब आणि कार्नेशन साधारण २० च्या जुडीत, जरबेरा १० च्या जुडीत येतो; हा हिशेब डोक्यात असला की एका बुकेसाठी किती जुड्या आणि किती फुलं उरणार ते आधीच कळतं.

चीक येणारी फुलं

हा भाग थोडक्यात. नर्गिस आणि डॅफोडिल कापल्यावर देठातून चिकट रस सोडतात. तो त्याच पाण्यातल्या गुलाबाला आणि ट्युलिपला घातक. नर्गिस वेगळ्या पाण्यात १२ ते २४ तास ठेवा, नंतर देठ पुन्हा कापू नका, मग मिसळा. पुन्हा कापलात तर रस पुन्हा सुरू.

पॉइन्सेटियाचा पांढरा चीक देठाचं तोंड बंद करतो आणि पाणी गढूळ करतो. कापलेलं टोक काही सेकंद उकळत्या पाण्यात किंवा ज्योतीवर धरलं की चीक थांबतो. कण्हेर विषारी आहे, हातात घ्यायच्या आणि जेवणाच्या टेबलावरच्या बुकेत नको. चाफा बोट लागेल तिथे तपकिरी होतो, जास्वंद एका दिवसाचं फूल. ही दोन्ही परडीत शोभतात, बुकेत नाहीत.

पाणी कसलं आणि त्यात काय

वडोदऱ्याला नळाने येणारं आजवा सरोवराचं किंवा मही नदीचं पाणी फुलांना चालतं. अडचण बोअरच्या क्षारयुक्त पाण्याची. आणि त्याहून मोठी अडचण पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून आलेल्या पाण्याची: त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतो आणि गुलाब-कार्नेशनला तो बाधतो. अशा सोसायटीत राहत असाल तर बादलीभर आरओचं पाणी वापरा. ग्लॅडिओलस आणि जरबेरा यांना पाण्यातलं फ्लोराइडही सोसत नाही. ग्लॅडिओलसच्या कळ्यांची आणि पानांची टोकं भाजल्यासारखी तपकिरी होत असतील आणि बाकी सगळी फुलं ठणठणीत असतील, तर बोअरच्या पाण्याकडे बोट दाखवायला हरकत नाही.

फुलांच्या खाद्याची पुडी मिळाली तर पुडीवर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात मिसळा. अर्धी पुडी वाचवण्यात नुकसान आहे, कारण साखर पोहोचते पण जंतुनाशक अपुरं पडतं. घरी करायचं असेल तर १ लिटर पाण्यात १ मोठा चमचा साखर, २ मोठे चमचे लिंबाचा रस आणि पाव लहान चमचा साधं, बिनवासाचं ब्लीच. आधी पाणी, मग साखर, मग लिंबू ढवळून शेवटी ब्लीच. लिंबू आणि ब्लीच नुसते एकमेकांत कधी ओतू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. प्रत्येक घटकाचं काम आहे: साखर कळी उघडायला, आंबटपणा पाणी देठात चढायला, ब्लीच जिवाणूंना. नुसती साखर घालणं म्हणजे जिवाणूंना जेवण घालणं. जरबेराला साखर फारशी नकोच, नुसतं स्वच्छ पाणी आणि ब्लीचचे थेंब. ॲस्पिरिनच्या गोळ्या आणि तांब्याचं नाणं यांवर वेळ घालवू नये.

देठ हातोडीने ठेचायची एक जुनी सवय अजून दिसते. ठेचलेल्या देठाच्या चिंध्यांवर जिवाणू झपाट्याने वाढतात. धारदार सिकेटरने (फांद्या छाटायच्या कात्रीने) एकच स्वच्छ काप, बस.

रंग, प्रकाश आणि वास

हॉलमधले पिवळे दिवे जांभळा आणि निळा रंग खाऊन टाकतात. दिवसा सुंदर दिसणारा जांभळा स्टॅटिस किंवा ॲस्टर रात्री त्या दिव्यांत मातकट दिसतो. फोटोत तर काळा. संध्याकाळच्या कार्यक्रमाला पीच, गडद गुलाबी, पिवळा, पांढरा असे रंग घ्या. गडद लाल गुलाब एकटा काळपट दिसतो, त्याच्यामागे पांढरं किंवा फिकट काहीतरी लागतंच.

पाच रंग एकत्र केले की बुके बाजारू दिसतो. एका रंगाच्या दोन छटा आणि एक पांढरा, एवढ्यात भागतं. त्याहून जास्त फरक आकारांनी पडतो, आणि इकडे कोणी लक्ष देत नाही. गुलाब, जरबेरा आणि मोठी शेवंती, तिन्ही गोल, तिन्ही साधारण एकाच मापाची: नजर ठरत नाही. एक मोठं फूल, एक मध्यम, एक बारीक फांदीदार, आणि हवेशीर भराव. लिली मोठी, गुलाब मध्यम, स्प्रे शेवंती बारीक, जिप्सो भरावाला. कामिनीचा पाला भरावाला स्वस्त आणि चिवट; फक्त खालच्या बाजूचा पाला सोलून काढा, नाहीतर पाणी खराब करणारा तोच असतो.

निळं ऑर्किड, निळा गुलाब, हिरवट-निळी शेवंती रंगवलेली असतात. रंग देठातून पाजलेला असतो आणि तो पाण्यात उतरतो. बुके तिरका झाला की पैठणीवर. ओल्या पांढऱ्या कापसाने पाकळी आणि देठाचं टोक पुसून पाहा. कापूस रंगला तर हातात धरायच्या बुकेत ते फूल घेऊ नका.

लिलीचे परागकोश फूल उघडल्या उघडल्या, परागाची पूड धरण्याआधी, चिमटीने काढा. डाग पडलाच तर पाणी लावू नका, चोळू नका. चिकटपट्टी हलकेच टेकवून उचला. ओरिएंटल लिली आणि निशिगंध एकाच बुकेत नको. दोन्हीचा वास चांगला, पण बंद एसी खोलीत दोन्ही मिळून डोकं चढतं, आणि जेवणाच्या टेबलावर तर अन्नाचा वासच लागत नाही. वासाचं फूल एकच ठेवा.

ऋतूप्रमाणे चालणाऱ्या जोड्या

मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत: ५ अँथुरियम, ४ काड्या डेंड्रोबियम ऑर्किड, ३ अरेका पामची पानं, थोडं साँग ऑफ इंडिया (पिवळ्या कडांची ड्रॅसिनाची पानं). फ्रीज लागत नाही. अट एकच, आंब्यांपासून लांब.

पावसाळ्यात: ७ मोठी शेवंती किंवा ॲस्टर, ६ काड्या स्टॅटिस, कामिनी. पाकळ्यांवर पाणी शिंपडायचं नाही. सेलोफेन लावायचंच असेल तर वरून मोकळं ठेवा. शक्यतो कागद वापरा. गुलाब या दिवसांत डागाळतो, घेतलात तर बाहेरच्या दोन पाकळ्या काढून टाकायची तयारी ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे फुलांचे खरे दिवस. ३ काड्या लिली, १० गुलाब, ५ कार्नेशन, ३ काड्या जिप्सो आणि कामिनी. सगळी एका गारव्याची, सगळ्यांना एक पाणी. उंच फुलदाणीसाठी ७ ग्लॅडिओलस आणि १० शेवंती. पण ग्लॅडिओलस कधीही आडवा ठेवू नका, गाडीतही नाही. त्याचं टोक आपोआप वर वळतं आणि काही तासांत काडी वाकडी होते. एकदा वळलेली सरळ होत नाही. अँटिरायनमचंही तेच.

मान टाकलेला गुलाब परत येतो का

पाकळ्या ताज्या असतील तर बरेचदा येतो. देठ ३ सेंटिमीटर कापा, आख्खं फूल देठासह कोमट पाण्याच्या टबात आडवं बुडवून ठेवा, अर्धा ते एक तास. मग वर्तमानपत्रात ताठ गुंडाळून खोल पाण्यात दोन तास. हे समारंभाच्या आदल्या रात्री कळलं तर वेळ आहे. दारात गाडी उभी असताना कळलं तर तो गुलाब काढा आणि त्या जागी कामिनी सरकवा.

जरबेरा नुकताच वाकला असेल तर २ सेंटिमीटर कापून, कागदात सरळ गुंडाळून, ब्लीचच्या उथळ पाण्यात तीन तास. देठ मधे चिरला असेल तर नाद सोडा. मिटलेलं कार्नेशन आणि डागाळलेलं ऑर्किड परत येत नाही.

नेताना आणि हॉलमध्ये

ॲक्टिव्हावर पुढे बुके धरून अलकापुरीहून मांडवीला नेला तर वीस मिनिटांच्या गरम वाऱ्यात तो बरंच पाणी गमावतो. जिप्सो आणि गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा आधी जातात. देठांच्या टोकाला ओला कापूस, त्यावर प्लॅस्टिक पिशवी घट्ट बांधा, फुलांवर सैल कागदाची टोपी. गाडीत नेणार असाल तर डिकीत नको, आणि एसीच्या झोताखालीही नको. हॉलमध्ये पोहोचल्यावर टोकं पुन्हा एकदा कापून पाण्यात.

टेबलावरची रचना फुलं टोचायच्या हिरव्या फोममध्ये असेल तर बिघाड बहुतेक भिजवण्यात असतो. बादलीत पाणी भरा, वर फोमची वीट नुसती ठेवा आणि तिची ती बुडू द्या. हाताने दाबलीत तर बाहेरून ओली आणि आत कोरडा गोळा राहतो. त्या गोळ्यात टोचलेलं फूल दोन तासांत मान टाकतं आणि शेजारचं ताठ असतं. २३ बाय ११ बाय ८ सेंटिमीटरची वीट नीट भिजली तर जवळपास २ लिटर पाणी धरते, म्हणजे उचलताना चांगलीच जड लागायला हवी. देठ एकदा टोचला की थोडासाही वर ओढू नका. टोकाखाली हवेची पोकळी राहते. काढावाच लागला तर नव्या जागी टोचा. जरबेरासाठी आधी काडीने भोक पाडा, मग देठ सरकवा, नाहीतर टोक दुमडतं. एसी हॉलमध्ये दर तीन-चार तासांनी कडेने कपभर पाणी सोडत राहा. वीट पूर्ण वाळू देऊ नका, कारण एकदा वाळलेल्या फोममध्ये पाणी पुन्हा नीट शिरत नाही. कालची वीट आज भिजवून वापरण्याचा काटकसरी विचार तिथेच फसतो.